बोटीचा विमा: पॉलिसी नीट वाचलेलं कुणी आहे का इथे? (मांडवा-अलिबागवाले आणि परदेशातले पण)

रेवसबंदर | १८ मार्च, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय कारण विषय डोक्यातून जात नाहीये.

दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघा मित्रांनी मिळून एक सेकंडहँड फायबर बोट घेतली, २१ फुटी, मागे ११५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड (बाहेरून मागे लावायचं इंजिन). बंदर खात्याकडचं रजिस्ट्रेशन माझ्या नावावर, बोट सीझनमध्ये मांडव्याला मूरिंगवर असते, म्हणजे पाण्यातच कायमच्या साखळीला बांधलेली. विमा आधीच्या मालकाच्या एजंटकडूनच काढला, म्हणजे त्याने सांगितलेली रक्कम भरली आणि पीडीएफ ईमेलमध्ये पडून राहिली, स्कूटरच्या विम्याचं करतो तसंच. गेल्या आठवड्यात शेजारच्या मूरिंगवरची एक बोट रात्री साखळी तुटून सुटली आणि खडकावर गेली, सकाळी बघितलं तर एका बाजूने पूर्ण फाटलेली. तिचे मालक साठीचे गृहस्थ आहेत, धक्क्यावर उभे राहून मला म्हणाले, अरे तुझ्या विम्यात असं झालं तर मिळतं का रे? आणि मला उत्तर देता आलं नाही. फार लाज वाटली. घरी येऊन तीन रात्री ती पॉलिसी वाचतोय, चौदा पानं आहेत, त्यातलं निम्मं कळत नाहीये.

मला मुख्य भीती पावसाळ्याची आहे. आमच्या पॉलिसीत लिहिलंय की १५ मे ते १५ सप्टेंबर बोट "लेड अप" पाहिजे. म्हणजे पाण्याबाहेर काढून शाकारलेली असायला हवी का, की खाडीत आत नेऊन बांधली तरी चालेल? आणि समजा दोनचार दिवस इकडेतिकडे झाले तर? शिवाय बोटीची किंमत काय धरायची, इंजिन चोरीला गेलं तर काय, आमच्याबरोबर मित्रांची पोरंबाळं असतात त्यांना काही झालं तर काय... ज्याला जे माहीत असेल ते कृपया सांगा, मनापासून विचारतोय.

खाडीकाका | १९ मार्च, सकाळी ६:०५

रेवसबंदर, चांगला धागा काढलास. मी बत्तीस वर्षं सर्व्हेअरचं, म्हणजे विम्यासाठी नुकसान तपासायचं काम केलं, भाऊच्या धक्क्यापासून रत्नागिरीपर्यंत, बुडालेल्या आणि फुटलेल्या बोटी बघण्यातच आयुष्य गेलं म्हण. आता निवृत्त आहे त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

पहिली गोष्ट, स्कूटर डोक्यातून काढ. मोटर विम्याच्या अटी सगळीकडे साधारण एकसारख्या असतात, बोटीच्या विम्याचं तसं नाही. आपल्याकडे हौशी बोटींच्या पॉलिसीला बहुतेक वेळा लंडनची इन्स्टिट्यूट यॉट क्लॉजेस (छापील ठरावीक कलमं) जोडलेली असतात, १ नोव्हेंबर १९८५ची. तुझ्या चौदा पानांतली बरीचशी तीच असणार. पहिल्या पानावर म्हणजे शेड्यूलवर तुझ्या बोटीचं नाव, किंमत, कुठे चालवायची ती हद्द, शाकारणीच्या तारखा. मागच्या पानांवर क्लॉजेस. एजंट फक्त पहिलं पान दाखवतो आणि क्लेम नाकारला जातो तो मागच्या पानांवरून.

"लेड अप" म्हणजे नक्की काय ते शेड्यूलवरच बघ. काहींमध्ये "किनाऱ्यावर, पाण्याबाहेर" असं स्पष्ट असतं, काहींमध्ये नुसतं "वापरात नसलेली". खाडीत बांधून ठेवणं पहिल्या प्रकारात अजिबात बसत नाही. तुझ्या कागदावर मोघम असेल तर आत्ताच कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घे, फोनवर नको. शाकारून ठेवलेल्या काळात पण कव्हर असतंच बरं का, आग, चोरी, वर काढताना आणि खाली सोडताना होणारं नुकसान, हे सगळं त्यात येतं. लोकांना वाटतं पावसाळ्यात विमा बंद असतो, तसं नाहीये.

आता मला एक सांग, तुझी बोट जास्तीत जास्त किती वेगाने जाते?

रेवसबंदर | १९ मार्च, सकाळी ८:४०

काका खूप आभार. समुद्र शांत असला की २६-२७ नॉट (ताशी सागरी मैल) सहज जाते. का हो?

खाडीकाका | १९ मार्च, दुपारी १:१५

कारण या क्लॉजेसमध्ये १७ नॉट ही एक रेघ आहे. बोटीचा डिझाइनप्रमाणे जास्तीत जास्त वेग १७ नॉटच्या वर असेल आणि कंपनीने ती मर्यादा काढून विमा दिला असेल तर पुढे एक स्पीडबोट क्लॉज आहे तो लागू होतो, आणि तो आधीच्या पानांवर दिलेल्या बऱ्याच गोष्टी काढून घेतो. तो नीट वाच. त्यात मुख्य असं आहे:

बोट चालू असताना शेड्यूलवर नाव असलेला मालक किंवा दुसरा सक्षम माणूस बोटीवर हजर आणि सुकाणू त्याच्या ताब्यात पाहिजे. पोराला हौस म्हणून चालवायला दिली आणि तू किनाऱ्यावरून बघत होतास, असं झालं तर गेलं.

दुसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. उघड्या किनाऱ्यासमोर नांगरून किंवा मूरिंगला बांधून, वर कुणी माणूस नसताना बोट सोडून गेलात, आणि ती सुटली, बुडाली, पाण्याने भरली किंवा वाळूवर चढली, तर काहीही मिळत नाही. बोटीचं पण नाही आणि तिने दुसऱ्या कुणाचं नुकसान केलं त्याचं पण नाही.

तिसरं, शर्यतीत झालेलं नुकसान नाही. चौथं, सुकाणू, शाफ्ट आणि पंखा (प्रोपेलर) यांचं नुकसान लाटांमुळे किंवा पाण्यातल्या ओंडक्यामुळे झालं तर नाही, फक्त दुसऱ्या बोटीला किंवा जेट्टीला लागून झालं तरच. आपल्या किनाऱ्यावर जाळी आणि दोर किती असतात ते तुला माहीतच आहे, तर पंख्याचा खर्च स्वतःचाच धरून चाल. इंजिन आत बसवलेलं असेल तर आग विझवायच्या यंत्रणेची पण एक अट आहे, तुझं आउटबोर्ड आहे म्हणून ती सोडून देतो.

रेवसबंदर | १९ मार्च, रात्री १०:५०

काका, हे वाचून पोटात गोळा आला. खरं सांगतो, आम्ही जवळजवळ दर रविवारी किहीमसमोर नांगर टाकतो आणि सगळे, अगदी सगळे, पाण्यातून चालत किनाऱ्यावर जेवायला जातो, दोन अडीच तास बोट एकटी असते. किहीम म्हणजे समोर थेट अरबी समुद्र, त्याच्याइतका उघडा किनारा कुठला? दोन वर्षं आम्ही विम्याशिवायच तिथे बोट ठेवत होतो आणि आम्हाला पत्ताच नव्हता. बायकोला आत्ता वाचून दाखवलं, ती म्हणाली यापुढे एकजण बोटीवर थांबेल नाहीतर आपण डबा नेऊ.

आणि मांडव्याचं मूरिंग? ते उघडा किनारा धरतात का, तिथे तर ब्रेकवॉटर (लाटा अडवणारा बांध) आहे?

खाडीकाका | २० मार्च, सकाळी ६:२०

ब्रेकवॉटरच्या आत असेल तर तुझी बाजू भक्कम आहे, बाहेर असेल तर वाद होऊ शकतो. मूरिंगची जागा नकाशावर खूण करून, फोटोसकट कंपनीला कळव आणि "ही जागा मान्य आहे" असं पॉलिसीवर एंडॉर्समेंट, म्हणजे जोडपत्र, करून घे. कंपनीने लिहून दिलं की वाद राहत नाही.

मृणाल_मिशिगन | २० मार्च, सकाळी ९:३५

छान धागा. मी डेट्रॉईटजवळ असते, आमची पाँटून बोट (तरंगत्या नळ्यांवरची सपाट बोट) लेक सेंट क्लेअरवर. इथलं वेगळं आहे पण दुखणी तीच. मिशिगनमध्ये हौशी बोटीला विमा सक्तीचा नाही, अमेरिकेत बहुतेक राज्यांत नाहीच, आर्कान्सासमध्ये ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या बोटींना आणि जेट स्कीला मात्र लायबिलिटी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, लागतो. म्हणून सुरुवातीला आम्ही काढलाच नव्हता, म्हटलं घराच्या विम्यात असेलच. असतो, पण नावापुरता! घराच्या नेहमीच्या पॉलिसीत बोट, ट्रेलर, इंजिन सगळं मिळून १,५०० डॉलरची मर्यादा असते, आणि घराबाहेरून चोरी झाली तर तेही नाही.

मग रीतसर बोटीची पॉलिसी घेतली, स्वस्तातली. तिथे दुसरा धडा मिळाला. इथे दोन प्रकार असतात, ॲग्रीड व्हॅल्यू म्हणजे आधीच ठरवलेली किंमत, बोट पूर्ण गेली तर तेवढे पैसे पूर्ण मिळतात. आणि ॲक्च्युअल कॅश व्हॅल्यू म्हणजे त्या दिवशी बाजारात तिची जी किंमत असेल ती, झीज वजा करून. आमची दुसरी होती. पाण्यातल्या ओंडक्याला लागून इंजिनाचा खालचा भाग गेला, बिल आलं ४,२०० डॉलर आणि हातात आले १,६०० कारण इंजिन चौदा वर्षांचं. कंपनीने फसवलं असं मी म्हणणार नाही, लिहिलेलं होतंच, मी वाचलं नव्हतं. दोन पॉलिसींच्या हप्त्यात फरक वर्षाला शंभरेक डॉलरचा होता.

इथे आणखी दोन गोष्टी बघायला लागतात. एक म्हणजे बोट बुडाली की डिझेल-पेट्रोल पाण्यात सांडतं, ते साफ करायचा खर्च १९९०च्या ऑइल पोल्यूशन कायद्याप्रमाणे मालकावर, आणि बुडालेली बोट काढायचा खर्च वेगळा, तो कधीकधी बोटीच्या किमतीपेक्षा जास्त होतो. दुसरं म्हणजे थंडी, इंजिनात पाणी राहिलं आणि गोठून ब्लॉक फुटला तर साध्या पॉलिसीत नाही मिळत, वेगळं कव्हर घ्यावं लागतं.

रेवसबंदर, तुमच्या पॉलिसीत किंमत कशी धरलीय ते नक्की बघा.

खाडीकाका | २० मार्च, दुपारी १२:१०

मृणालताईंनी लिहिलंय ते सोन्यासारखं आहे. आपल्याकडे किंमत पॉलिसीवर ठरवून लिहिलेली असेल तर पूर्ण नुकसानीत सहसा तीच धरतात. पण दुरुस्तीच्या बाबतीत बघ, शिडं, कव्हर, दोरखंड आणि आउटबोर्ड इंजिन यांच्यावर एक तृतीयांशापर्यंत कपात करायचा अधिकार कंपनीला आहे. आणि इंजिनाची चोरी: नेहमीचा क्लँप आहेच, त्यावर आणखी वेगळं चोरीविरोधी लॉक लावलेलं असलं तरच मिळते. इंजिन नीट न आवळल्याने पाण्यात पडलं तर ते पण नाही.

लॉक कुठलंय त्याचा फोटो आणि बिल जपून ठेव.

सागर_ठाणे | २० मार्च, रात्री ११:५५

हा धागा दोन दिवस वाचतोय, लिहू की नको असं चाललं होतं. लिहितोच.

२०२१. आमची २४ फुटी बोट होती, वडिलांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली. पॉलिसीवर तारीख तीच, १५ मे. आम्ही दरवर्षी १० मेच्या आसपास क्रेनने वर काढायचो. त्या वर्षी एप्रिलपासून लॉकडाऊन, क्रेनवाल्याची माणसं गावाला गेलेली, आम्हाला अलिबागला जायलाच परवानगी मिळेना, क्रेनवाला फोनवर म्हणाला २० तारखेला नक्की काढतो. आम्ही म्हटलं ठीक आहे, पाच दिवसांचा तर प्रश्न आहे, पाऊस काय जूनशिवाय येत नाही.

१७ मेला तौक्ते वादळ आलं. मी ठाण्यात घरात बसून टीव्ही बघत होतो आणि वडील खिडकीशी उभे होते, दिवसभर बसले नाहीत. बोट मूरिंगसकट निघून गेली, दुसऱ्या दिवशी एका कोळी बांधवाने फोन करून सांगितलं की खडकात अडकलीय, इंजिन नाहीये.

क्लेम नाकारला. कारण एका ओळीचं, १५ मेनंतर बोट पाण्यात होती. आम्ही लॉकडाऊनचे आदेश जोडले, क्रेनवाल्याचे मेसेज जोडले. उत्तर आलं की तुम्ही १५ तारखेच्या आधी आम्हाला कळवलं नव्हतं. आणि खरंच नव्हतं कळवलं. एक ईमेल करायचा होता हो. घरातच बसलो होतो, वेळच वेळ होता, एक ईमेल करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. वडिलांनी त्यानंतर बोटीचं नाव काढलं नाही.

म्हणून रेवसबंदर, "दोनचार दिवस इकडेतिकडे" हे तुमचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही.

रेवसबंदर | २१ मार्च, सकाळी ७:३०

सागर, काय लिहू. वडिलांना नमस्कार सांगा. तुम्ही लिहिलंत याचे खरंच खूप आभार.

खाडीकाका | २१ मार्च, सकाळी ९:००

सागर, त्या आठवड्यात मी अशा तीन बोटी बघितल्या. तुझ्या वडिलांसारखीच माणसं, कष्टाच्या पैशाची बोट. मला आजही वाईट वाटतं.

कायदा काय म्हणतो ते सांगतो म्हणजे बाकीच्यांना कळेल. आपल्याकडे १९६३चा सागरी विमा कायदा आहे, ब्रिटिशांच्या १९०६च्या कायद्यावर बेतलेला. त्यात वॉरंटी म्हणजे जी अट तंतोतंत पाळलीच पाहिजे, मग ती महत्त्वाची असो किंवा नसो. एक दिवस उशीर म्हणजे पण भंगच. आणि भंग नंतर दुरुस्त केला तरी चालत नाही. म्हणजे समज बोट १८ मेला वर काढली, व्यवस्थित शाकारली, आणि जुलैमध्ये शेडमधून चोरीला गेली, तरी कंपनी कागदावर म्हणू शकते की १५ तारखेलाच अट मोडली होती. सगळ्या कंपन्या असं करत नाहीत, कंपनीला माफ करायचा अधिकार आहे, पण त्या माफीवर बोट सोडू नका.

तरतूद कुठे आहे? हद्दीबाहेर जायचं असेल तर क्लॉजेसमध्येच लिहिलंय की आधी कळवा, अटी आणि जास्तीचा हप्ता ठरवून कव्हर चालू राहतं. शाकारणीच्या तारखेचं पण तसंच आधी मागून घ्यायचं. "आधी" हा शब्द लक्षात ठेवा. हवामान खात्याचा वादळाचा इशारा आल्यानंतर मागितलं तर कोण देणार? २०२०चं निसर्ग वादळ ३ जूनला आलं, तौक्ते १७ मेला, दोन्ही लागोपाठच्या वर्षी, आपल्याच किनाऱ्यावर. मी तर म्हणेन पॉलिसीची तारीख १५ मे असली तरी तुम्ही १ मेच धरा.

दर्याकिनारी_साउथॅम्प्टन | २१ मार्च, दुपारी ४:२०

इंग्लंडमधून एक भर घालतो. ज्या १९०६च्या कायद्यावरून आपला आला तो इथे बदलला, २०१५चा नवीन विमा कायदा ऑगस्ट २०१६पासून लागू झाला. आता इथे अट मोडली तर तेवढ्या काळापुरतं कव्हर थांबतं, अट परत पाळली की सुरू होतं. काकांनी दिलेलं जुलैच्या चोरीचं उदाहरण इथे मंजूर झालं असतं. सागर यांच्या बाबतीत मात्र इथेही मिळालं नसतं असं मला वाटतं, कारण नुकसान त्याच काळात आणि त्याच कारणाने झालं. भारतातही हा बदल व्हायला हवा, छोट्या बोटमालकावर व्यापारी जहाजाचा शंभर वर्षांपूर्वीचा नियम लावणं अन्यायाचं आहे.

बार्देसकर | २१ मार्च, रात्री ८:१५

गोव्यातून लिहितोय. इथे खूप जण प्रायव्हेट बोट घेतात आणि मग डिसेंबर आला की ओळखीच्या हॉटेलवाल्याला चारपाच दिवस देतात. ही पॉलिसी फक्त खाजगी हौशी वापराची असते, भाड्याने दिली की अट मोडली, काकांनी सांगितलंय तोच नियम. "नुसते पेट्रोलचे पैसे घेतले" हे पण सांभाळून, मित्रांमध्ये खर्च वाटून घेणं वेगळं आणि पाहुण्याकडून माणशी पैसे घेणं वेगळं, पण ते कंपनीला लेखी विचारलेलं बरं.

आणखी एक, पोरांना रबरी ट्यूबवर बसवून मागे ओढतात ना, त्या पोराला काही लागलं तर थर्ड पार्टीत येत नाही! वॉटर स्कीइंग आणि मागे ओढत न्यायचे सगळे खेळ वगळलेले असतात, वेगळे मागून घ्यावे लागतात. माझ्या पुतण्याचा हात मोडला तेव्हा कळलं. घरचाच मुलगा म्हणून खर्च मीच केला, दुसऱ्या कुणाचा असता तर काय केलं असतं देव जाणे.

नीलिमा_पुणे | २२ मार्च, सकाळी १०:१०

आमच्याकडे बोट नाही, पण भाऊ घेणार आहे म्हणून वाचतेय. एक प्रामाणिक प्रश्न, हे नाही ते नाही, लॉक नाही म्हणून नाही, तारीख चुकली म्हणून नाही, मग विमा काढायचाच कशाला? तेवढे पैसे बाजूला ठेवले तर?

खाडीकाका | २२ मार्च, सकाळी ११:४५

नीलिमाताई, रास्त प्रश्न आहे. बोटीपुरतं बोलाल तर ज्याची बोट दोनतीन लाखांची आहे तो पैसे बाजूला ठेवू शकतो. पण दुसऱ्याचं नुकसान? २५ नॉटने जाणारी बोट पोहणाऱ्या माणसाला लागली, किंवा कोळ्याच्या होडीला रात्री धडकली, तर त्या कुटुंबाची भरपाई किती होईल ते आधी सांगता येत नाही. ती बाजूला ठेवता येत नाही. मी तर सांगतो, खर्च कमी करायचा असेल तर बोटीचं कव्हर कमी करा, थर्ड पार्टीचं कमी करू नका.

आणि पगारी तांडेल किंवा खलाशी ठेवला असेल तर तो थर्ड पार्टीत धरत नाहीत, त्याच्यासाठी कामगार भरपाईचं वेगळं कव्हर घ्या. तो तुमच्यासाठी समुद्रात उतरतो, त्याच्या घरच्यांचा विचार आधी.

एक राहिलं. अपघात झालाच तर बोट वाचवायचा प्रयत्न सोडू नका, "आता कंपनीच बघेल" असं म्हणून हात वर केले तर त्याचा पण मुद्दा होतो. बुडालेलं आउटबोर्ड वर काढलं की लगेच गोड्या पाण्याने धुवून मेकॅनिककडे न्या, खारं पाणी एका रात्रीत इंजिन खातं. असा वाचवण्याचा वाजवी खर्च कंपनी देते, बिलं ठेवा. फोटो काढा, बंदर निरीक्षकाकडे आणि सागरी पोलिसांकडे नोंद करा, कंपनीला त्याच दिवशी कळवा, आणि सर्व्हेअर येईपर्यंत तुटलेला एकही तुकडा टाकू नका. तुटलेली साखळी बघून मी सांगू शकायचो की ती लाटेने तुटली की आधीच गंजून संपली होती. गंजाचे पैसे कुणीच देत नाही.

रेवसबंदर | ४ एप्रिल, रात्री ९:३०

अपडेट देतोय. काकांच्या सांगण्याप्रमाणे कंपनीला एक लांबलचक ईमेल पाठवला होता. दोन स्मरणपत्रांनंतर उत्तर आलं.

"लेड अप" म्हणजे पाण्याबाहेर, किनाऱ्यावर, भरतीच्या रेषेच्या वर. खाडीत बांधलेली चालणार नाही. मांडव्याच्या मूरिंगची जागा मान्य, एंडॉर्समेंट येतंय. तिघांची नावं चालक म्हणून घातली. ट्यूब ओढायचं कव्हर जास्तीचा हप्ता भरून मिळालं, थर्ड पार्टीची रक्कम दुप्पट केली, आणि त्यासाठी बोटीची किंमत आम्ही फुगवलेली होती ती खाली आणली. किहीमला माणूस नसताना नांगरलेल्या बोटीबद्दल त्यांनी स्पष्ट नाही म्हटलं, काका म्हणाले तसंच.

मूरिंगची साखळी पण काढून बघितली. पाण्याखालच्या दोन कड्या इतक्या झिजल्या होत्या की बोटाने गंजाचे पापुद्रे निघत होते. बदलल्या.

शेजारच्या त्या काकांकडे त्यांची पॉलिसी घेऊन बसलो होतो परवा, त्यांची बोट ८ नॉटची आहे, स्पीडबोट क्लॉज लागू नाही, त्यांचा सर्व्हे झालाय, आता वाट बघतायत.

सागर_ठाणे | ४ एप्रिल, रात्री १०:१५

मस्त काम केलंत. क्रेनची तारीख घेतली का? मे महिन्यात ऐनवेळी कुणाला मिळत नाही.

रेवसबंदर | ४ एप्रिल, रात्री १०:२०

घेतली. २ मे, सकाळच्या भरतीला. ॲडव्हान्स पण दिला. वडिलांना घेऊन येता का त्या दिवशी? बोट वर काढायला अनुभवी माणूस हवाच आहे आम्हाला.

सागर_ठाणे | ५ एप्रिल, सकाळी ७:०५

विचारलं त्यांना. आधी काही बोलले नाहीत. मग म्हणाले, बोटीखाली घालायला लाकडी ओंडके आहेत का त्यांच्याकडे विचार, नसतील तर आपले माळ्यावर पडलेत ते घेऊन जाऊ.